पाय लावा, मामाजी

प्रिय दुलारी,

या आठवड्यात कितीदा फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवून दिला. फोनवर तू आधी रडतेस, मग ओरडतेस, आणि माझं सांगायचं राहून जातं. त्यात तुझ्या घरी आता लग्नाची माणसं जमलेली, फोन कुणाच्याही हातात जातो. म्हणून लिहायला बसलो आहे. तुझा टिकेश बरा आहे, हे आधी मनात धर. त्याच्या डाव्या हाताचं प्लास्टर निघेल आणि बोटं पहिल्यासारखी चालतील, असं आपल्या इकडच्या गोरेगावच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं आहे. पण ती बोटं गाडीच्या दारात सापडून मोडलेली नाहीत. तुला तसं सांगायचं टिकेशनं ठरवलं आणि मी गप्प राहिलो. ती कशी मोडली हे तुला कळल्याशिवाय मला मांडवात पाऊल टाकता येणार नाही. हळदीच्या दिवशी भाच्याला पाटावर बसवून त्याचे पाय पखारायचा, पाण्यानं धुवायचा मान मामाचा. तो मी घ्यावा की आपल्या योगराजला द्यावा, हे सगळं वाचून तू ठरव. तो चुलत असला तरी मामाच आहे.

माझ्याकडं आणण्याआधी ती लाल गाडी तू रागारागानं एकदाच पाहिली होतीस. कुडव्यातल्या तुझ्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. तिथं ती उघडून बसणं शक्य नव्हतं, म्हणून तो माझ्याकडं आला. आमचं सिमेंटचं खळं या दिवसांत रिकामंच असतं. नागपूरच्या कुण्या हौशी माणसाची जुनी गाडी, दोनच दारं, दोनच माणसं बसणार, आणि बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे उकिडवं बसल्यासारखं. शेजारचा बिसराम कुंपणावरून पाहत होता. म्हणाला, "काऊन गा श्यामलाल, भाच्यानं गाडी आनली का खडावा? याच्यात बसाचं का पायात घालाचं?" टिकेश हसला आणि म्हणाला, "काकाजी, अजून खाली बसवाची हाय." मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण तो खरंच नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घेऊन आला होता. जुने काढून हे बसवले की गाडी जमिनीला धरून चालते, वळणावर झुकत नाही, असं म्हणाला. आपल्या गावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरचं पोट घासतं, तिथं हा आधीच बुटकी असलेली गाडी आणखी बुटकी करणार! आणि सायलेन्सरचं तर मला अजून नवल वाटतं. जुना आवाज दाबत होता, म्हणून तो काढायचा. नवा आवाज मोकळा सोडतो, म्हणून तो लावायचा. आणि त्यालाही सायलेन्सरच म्हणायचं. मी विचारलं, "कायले रे बाबा?" तर म्हणाला, "मामाजी, गाडीचा जीव तिच्या आवाजात असते." नवरीला, म्हणजे प्रियाला, याच गाडीतून आणायचं त्याच्या मनात आहे. तिलाही गाडीचं वेड आहे म्हणे, दोघांनी मिळूनच ते सामान निवडलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण लग्नाच्या तोंडावर पोरगं आनंदात दिसत होतं. मी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि कामाला हो म्हटलं.

काम पाहायला मला आवडू लागलं होतं, हेही सांगतो. तो एकेक नट काढून तुझ्या वहिनीच्या जुन्या ताटलीत ओळीनं मांडायचा. हात काळे, कपाळावर काळा पट्टा. चहा दिला तर पेला मनगटांत धरून प्यायचा. वहिनी म्हणायची, "नवरदेव हाय का भट्टीवाला?" पुढच्या दोन चाकांचं काम झालं. मागच्या बाजूला त्यानं गाडी जॅकनं उचलून दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकू द्यायच्या तिवयांवर, ठेवली होती. घोडे चांगले होते, गाडीही नीट टेकलेली होती. फक्त आपल्या खळ्याला काय झालं आहे ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. धानाच्या वासानं घुशी येतात, त्यांनी एका कडेला सिमेंटखालची माती उकरून नेली होती. वरून सगळं कसं पक्कं आणि गुळगुळीत.

पुढचं लिहिण्याआधी तुला लहानपणच्या टिकेशची आठवण करून देतो. सुट्टीत आला की अंगणात खाटेवर उभा राहायचा, पाय पुढं करायचा आणि हुकूम सोडायचा, "मामाजी, पाय लागा!" मी शेतातून चिखलानं भरून आलेला असो की जेवणावरून उठलेला असो, हात धुवून त्याच्या पाया पडायचो. मग तो गंभीर तोंडानं आशीर्वाद द्यायचा आणि लगेच गोळी मागायचा. तू त्याला दटावायचीस, बाबा तुलाच दटावायचे. भाचा वयानं एवढासा असला तरी आपल्याला तो देवाच्या जागी, हे बाबांनी आपल्याला शिकवलं नाही, ते घरात होतंच. त्याच्यावर कधी हात उचलायचा नाही. झोपताना आपले पाय त्याच्याकडं व्हायला नकोत. चुकून पाय लागला तर तिथंच हात जोडायचे. मी देवळात रोज जातो, पण तिथला देव माझ्याशी बोलत नाही. हा बोलायचा, गोळी मागायचा, रुसायचा. मला मूर्तीपेक्षा तोच सोपा वाटायचा.

त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. स्प्रिंगा बाजूला ठेवून त्यानं आधी नवा सायलेन्सर बसवायला घेतला. चाकं लावलेल्या एका फळीवर उताणा पडून तो गाडीखाली सरकला. त्याचे पाय पलीकडून बाहेर, खांदा माझ्या बाजूला. सायलेन्सरची लांब नळी फार जड, म्हणून तिचं एक टोक मी दोन्ही हातांनी वर धरून उभा होतो, म्हणजे त्याला आतून बोल्ट लावता येतील. मी हात सोडले असते तर नळी त्याच्या तोंडावर पडली असती. तो आत काही गुणगुणत होता. तेवढ्यात माझ्या पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला. माझ्या बाजूच्या घोड्याखालचं सिमेंट फुटलं आणि घोडा आत जाऊ लागला. धाडकन नाही, दुलारी. हळूहळू. गाडी माझ्या बाजूला कलताना मी डोळ्यांनी पाहिली. पलीकडची बाजू अजून वर होती. टिकेशला ते माझ्या आधी कळलं. तो ओरडला, "मामाजी, पाय लावा! ढकला मले!"

खांद्याला एक लाथ बसली की फळी पलीकडं धावली असती आणि तो सुटला असता. माझे हात अडकलेले, पाय मोकळा. त्याला जे एका क्षणात कळलं ते मलाही कळत होतं. तरी माझा पाय उचलला गेला नाही. माझ्या कानांनी आधी 'पाय लागा' असंच ऐकलं, खाटेवरचा हुकूम ऐकावा तसं. मग खरं ऐकू आलं, आणि तेव्हाही मी नळी कुठं टेकवता येते का ते पाहिलं. हातानं ढकलता येईल का, गुडघा चालेल का, हे पाहिलं. भाच्याला पाय लावायचा नाही म्हणून मी जागा शोधत होतो, आणि वरून गाडी उतरत होती. तो पुन्हा ओरडला, "कायले थांबून राहिले?" या वेळी त्याचा आवाज खाटेवरच्या पोरासारखा फाटला होता. तेव्हा मी लाथ मारली. जोरात मारली. फळी पलीकडं गेली, तो बाहेर पडला, पण डावा हात मागं राहिला होता. गाडीचा पत्रा जमिनीला टेकला तेव्हा त्याची बोटं अजून आतच होती.

त्यानं कशी सोडवली देव जाणे. धुळीत बसला, हात छातीशी धरला, तोंड पांढरं पडलेलं, आणि हसायला लागला. "मामाजी, काय किक मारली!" मी तसाच नळी धरून उभा. सोडायचं भानच नव्हतं. तो उठला, गाडीला वळसा घालून माझ्यासमोर आला, खाली बसला आणि ज्या पायानं लाथ मारली त्याच पायावर त्यानं कपाळ टेकलं. दुलारी, गाडी कलली तेव्हा मी घाबरलो होतो, पण असा सुन्न झालो नव्हतो. भाचा माझ्या पाया पडतो आहे, आणि माझे दोन्ही हात लोखंडात गुंतलेले. मला त्याला उठवता येईना, पाय मागं घेता येईना. त्याच्या कपाळाचा काळा डाग माझ्या पायावर उमटला. मी तो त्या दिवशी धुतला नाही. का धुतला नाही, ते मलाही सांगता येत नाही.

तेव्हापासून गावात मी वाघ मारल्यासारखा झालो आहे. बिसराम चौकात सांगत सुटला आहे, "श्यामलालची लाथ पाहाची होती तुमी!" पोरं मला पाहून पाय उडवतात. वहिनीला मी रात्री जेवताना मनातलं सांगितलं तर ती म्हणाली, "पोरगं वाचलं आन् तुमी पाप-पुन्य घोळत बसले." देवळातल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, जीव वाचवायला लावलेल्या पायाचा दोष नसतो, एक नारळ वाढवा आणि विसरा. मी नारळ वाढवला. पण ते लाथेबद्दल बोलत होते, आणि मला लाथेचं काही वाटत नाही, दुलारी. लाथ मारण्याआधी मी जो थांबलो, त्याला कुठला नारळ? त्याची बोटं त्या थांबण्यात मोडली. हे मी टिकेशला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा गैरसमज हाय, मामाजी, मी तर दोनदा ओरडलोच नाही." तो खोटं बोलतो आहे की त्याला खरंच आठवत नाही, हे मला कळत नाही. गाडीचं उरलेलं काम त्यानं मला शेजारी बसवून करून घेतलं. तो सांगायचा, मी पाना फिरवायचो. खळ्यावर नाही, रस्त्याच्या पक्क्या जागेवर. तो आवाज आता तुझ्या गल्लीत घुमतो आहे, त्यातले चार बोल्ट माझ्या हातचे.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. टिकेश जाताना मला सांगून गेला की हळदीच्या दिवशी तो पाटावर बसणार नाही. पाटावर मला बसवणार, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत माझे पाय तोच धुणार. प्रियाही तयार आहे म्हणे, रीत मोडून पाणी घालायला ती येणार. मला वाटलं, थट्टा. पण त्याचं तोंड पाहिलं, थट्टा नव्हती. मी रागावलो, हात जोडले, वहिनीकडून सांगून पाहिलं. ऐकत नाही. लोक वाहवा करतील, फोटो काढतील, आणि मी त्या पाटावर कसा बसू? तो तुझं ऐकतो, फक्त तुझंच. मी कबूल केलेलं सगळं तुझ्यापुढं आहे. त्यावरून मला मांडवातून दूर ठेवायचं असेल तर ठेव, योगराज पाय पखारील, मी मागच्या रांगेत बसेन आणि मनापासून जेवेन. पण मला येऊ देणार असशील तर टिकेशला सांग की त्यानं पाटावर बसावं आणि पाय माझ्यापुढं करावेत, लहानपणी करायचा तसे, हुकमानं. माझ्याकडं क्षमा मागायला दुसरी जागा नाही. त्यानंच माझे पाय धरले, तर मी कुणाचे धरू?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच भाऊ,
श्यामलाल