तिघी बहिणी, दोन जेवणं

रत्नागिरी, शुक्रवार

तीर्थस्वरूप यमुनाक्कास राजाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इथे ठीक. गेले पाच दिवस तू फोन घेत नाहीस म्हणून कागद काढला (कागद कट करता येत नाही).

आमच्या स्वानंदीच्या पीएचडीचं जेवण दोन माहेरवाशिणींना मिळालं आणि थोरली राहिली, हे खरं. तुला अर्ध्या वाटेवर फोन करून हातखंब्याहून परत लांज्याला पाठवलं, हेही खरं. पण त्यामागे गणित आहे. तुम्ही तिघी एका पंगतीला बसलात की काय होतं ते आमच्या सलिलच्या मुंजीत अख्ख्या आळीने पाहिलंय. एकटीला बोलवावं तर ती दिवसभर उरलेल्या दोघींबद्दल बोलते. म्हणून आमच्या हिने नियम केला, एका जेवणाला दोघी, नाही तर कुणीच नाही. जेवणं शनिवार-रविवार अशी दोन, आणि प्रत्येकीला एकदाच. मी म्हटलं, रोज प्रत्येकीचं सरासरी अर्धं पान पडतं, मग अडतंय कुठे? (तीस वर्षं शाळेत हजेरीची सरासरीच काढली.) शनिवारी सुनेत्रा नि सावित्री जेवल्या, ओट्या भरून घेतल्या, आणि रविवारी तू एकटीच उरलीस.

स्वानंदीने कपाळावर हात मारला. म्हणाली, हाच तर माझा प्रबंध. (‘जाळीवरच्या बहुतलकांचे बैजिक गुणधर्म’. पेढे वाटताना मी सगळ्यांना ‘कॉम्प्युटर’ असं सांगितलं होतं.) चालतील अशी जेवणं चारच, तीन जोड्या आणि एक उपास. प्रत्येक जेवणाचा एक ठिपका मांडून ते चार जोडले की चार कोपऱ्यांची, पिरॅमिडसारखी भरीव आकृती होते. ती दुप्पट फुगवली की ‘तिघी एकेकदा’ हा ठिपका तिच्या पोटात व्यवस्थित बसतो, पण त्याची दोन जेवणांत फोड करू गेलं तर होत नाही. पानं वाढणार दोन-दोन, बहिणी तीन. सपाट आकृतीत असं कधी होत नाही म्हणे, उंची आली की घोळ सुरू. तेव्हा दोष आकृतीचा आहे, माझा नाही. राग सोड. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
राजा

ता. क. स्वानंदीने हे वाचलं. गणित बरोबर आहे म्हणाली, पण आत्याला हातखंब्याहून परत पाठवा असं त्यात कुठे लिहिलंय? आणि नियम हिचा नव्हे, माझाच. मुंजीत तुम्ही भांडलात ते आई गेल्यावर मला कुणी वाढवलं यावरून. उत्तर मला ठाऊक होतं, पण तिघींसमोर तोंड उघडलं नाही.

आणखी एक. पोरगी पुढच्या गुरुवारी दोन वर्षांसाठी जर्मनीला निघते, आणि तुझ्या पाया पडल्याशिवाय बॅग भरणार नाही म्हणते. बुधवारी तिघींना एकाच पंगतीला बोलावलंय. भांडण होईल. होऊ दे. तू ये, अक्का, या खेपेला मी बोलणार आहे.