दम घ्या, परत या

३ मार्च, सकाळ

चि. खारूस,

ताईचा पाठीवर हात. तुझे पत्र पोचले. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे मी ठीक. माझा फोन मात्र बिघडलेला आहे, म्हणून तुझे फोन उचलले गेले नाहीत, रागावू नकोस. शिवाय तुझा प्रश्न असा आहे की तो कागदावरच नीट उलगडतो.

तक्रारकक्षाची मुख्य म्हणून तुला नेमायचे ठरते आहे आणि तू लिहितेस, "हेडफोन कानाला लावला की माझ्याच पोटात गोळा येतो, मी बाकीच्यांना काय सांभाळणार?" खारू, हा प्रश्न ज्याला पडतो त्यालाच ती जागा द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम घाई आणि निकड यांतला फरक समजून घे. कपडे धुण्याचे यंत्र बंद पडले म्हणून माणूस ओरडतो. ओरडणे ही त्याची घाई. यंत्र बंद पडणे ही निकड. घाईला उत्तर देऊ लागलीस तर तूही ओरडशील, निकडीला दिलेस तर त्याचा आवाज आपोआप खाली येईल. त्याचे पहिले वाक्य कानांवरून जाऊ द्यावे, दुसरे ऐकावे, तिसरे लिहून घ्यावे. पहिल्यात राग असतो, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात पत्ता!

आपल्या भाषेने तर हे सगळे शास्त्र एका शब्दात बसवले आहे. जिना चढताना दम लागतो. साहेब दम देतो. आपण दम धरतो, फार धरला की दमतो. आणि यातून सुटायचे तर दम घ्यावा लागतो. नेमके तेवढेच आपण विसरतो. आमच्या संस्थेच्या ताण-निवारणाच्या वर्गात हे फळ्यावर लिहिले की माणसे हसतात, आणि हसली की त्यांचे आवळलेले खांदे खाली येतात. तो क्षण मला फार आवडत असे. म्हणजे, सध्या वर्ग दुसऱ्या बाई घेतात. मी संस्थेचे लेखन पाहते.

बाकी विशेष काही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात नुसते बोट दाखवूनही पाव मिळतो, असा एक शोध लागला. घरमालकीणबाई सगळ्यांना सांगतात, "भाडेकरू असावी तर अशी, भिंतीला कान लावला तरी काही ऐकू येत नाही." लावतात, हे त्यातून कळले.

तेव्हा घाबरू नकोस. ताण मुळात वाईट नव्हे. ताण नसलेली तार वाजत नाही. तो किती द्यायचा, एवढेच कळायला हवे.

आईला नमस्कार.

तुझी ताई


११ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार नंतर. मी हो म्हटलं! तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि सरळ साहेबांच्या खोलीत जाऊन हो म्हणून आले. पोटातला गोळा आहे तिथंच आहे, पण आता त्याच्याशी ओळख झाल्यासारखी वाटते. सोमवारपासून मी मुख्य. आई म्हणते, घरात पातेलं कुठे ठेवलं ते आठवत नाही आणि ही म्हणे मुख्य.

आता एक गंमत ऐक. ऑफिसात आमच्या छतात स्पीकर बसवलाय. त्यातून एक बाई बोलते, आणि शपथ घेऊन सांगते, हुबेहूब तुझा आवाज! "दम घ्या. परत या." बस, एवढंच. माझ्या शेजारची चष्मेवाली म्हणते, "अगं पण गेलंय कोण, परत यायला?" आणि वर म्हणते, "ही बाई दम घ्यायला सांगत नाही गं, दम देते."

फोन तुंबले की साहेब कळ दाबतात आणि ती बोलते. त्यामुळे आता झालंय असं, की तिचा आवाज आला की समजायचं, मेलो. ज्याच्या पोटात नव्हता त्याच्याही पोटात गोळा. मागच्या रांगेतला टकलू तिला भोंगाबाई म्हणतो. कधी भेटली तर गळाच धरतो तिचा, म्हणतो. ती कळ सोमवारपासून माझ्या टेबलावर येणार. ती तूच आहेस का गं? असलीस तर टकलूला नाही सांगणार.

आणि फोनचं काय ते बघ. आई विचारते, तिच्या गावात फोन दुरुस्त करणारा नाही का? एक तुझा फोन येत नाही, आणि रविवारी घरच्या फोनवर कुणी मुका फोन करतो. आई त्याला असा दम देते! "बोलायचं नाही तर करतोस कशाला रे मेल्या!" तरी ठेवत नाही. ऐकत बसतो.

उत्तर दे, नाहीतर दारात येऊन उभी राहीन.

खार


१४ मार्च

प्रिय खारू,

आशीर्वाद आहेतच. तुझ्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देते. क्रम सुटला तर मला लिहिता येणार नाही.

स्पीकरमधली बाई मीच. रविवारचा मुकाही मीच. माझा फोन उत्तम चालतो.

थंडी सरत आली होती. गोदामात काम करणाऱ्यांचा वर्ग होता, माणसे डोळे मिटून बसली होती. मी "दम" म्हणायला तोंड उघडले आणि आवाज आलाच नाही. घसा दुखला नाही, खोकला नाही. नळ सोडावा आणि पाणी नसावे, तसे. त्यांना वाटले, हा धड्याचाच भाग आहे. तास संपेपर्यंत सगळे शांत बसून राहिले. निघताना एक जण म्हणाला, "बाई, आजच्यासारखा वर्ग कधी झाला नाही."

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले. तारा शाबूत आहेत म्हणाले, ताण फार झाला. "काम काय करता?" मी कागदावर लिहिले. ते हसले, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. काय सांगायचे त्यांना? एका वर्गातून दुसऱ्यात धावत जायचे, धापा टाकत पोचायचे आणि दार उघडताच म्हणायचे, घाई करू नका.

आमच्या संचालकबाईंनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाल्या, "अजिबात काळजी करू नका. तुमचा आवाज आमच्याकडे आहे."

आता चष्मेवालीचा प्रश्न. तो बिनचूक आहे. संस्थेच्या ध्वनिफितीसाठी मी बोलले होते ते असे: "दम घ्या. खुर्ची सोडा, खिडकीपाशी जा, मन भरेपर्यंत बाहेर पाहा. परत या." मधले वाक्य संस्थेने कापले. ध्वनिफीत विकत घेणाऱ्या कंपन्यांची तक्रार होती की ते ऐकून माणसे खरोखरच उठून जातात.

मागच्या पत्रात तुला जे शिकवले त्यात एक अक्षर खोटे नाही. पण मधले वाक्य मीही कापले. ते आता लिहिते. ज्या खुर्चीतून उठू देत नाहीत, त्या खुर्चीत बसून दम घेता येत नाही. कुठलीही युक्ती शीक, येत नाही. ताणाची व्यवस्था म्हणून मी आयुष्यभर जे समजावत आले ते पुष्कळदा एवढेच होते, की माणूस मोडला तरी चालेल, आवाज होऊ नये. त्या विषयात मी पहिली आले.

जागा सोड, असे मी सांगणार नाही. तुमचे दोघींचे घर त्या पगारावर चालते, हे मला ठाऊक आहे. सोमवारी फोन तुंबतील, साहेब काचेआडून पाहतील, तू कळ दाबशील. "दम घ्या" नंतर किंचित थांबा येतो बघ. तिथे कात्री चालली आहे. त्या फटीत तू बोल. तुझ्या स्वतःच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असे: "खुर्ची सोडा." चष्मेवाली उठेल. टकलूसुद्धा उठेल. कदाचित तुला त्याच संध्याकाळी घरी पाठवतील. कदाचित तू बोलणारच नाहीस. पोटातली कळ सोसत टेबलावरची दाबत राहशील. तरी मी रागावणार नाही. मी वेगळे काय केले?

आईला यातले काही कळू देऊ नकोस. रविवारी ती मुक्याला दम देईल, तो देऊ दे. "मेल्या" म्हणताना तिचा आवाज अजून कसा खणखणीत लागतो!

तुझ्या बोटाखालची,
ताई