कालवडीसाठी उकळलेलं पाणी

अप्पा, उकळलेल्या पाण्यानं कुणी मेलं नाही, असं तुम्ही म्हणायचात. कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतात, औषधाची बाटली देताना प्रत्येकाला ऐकवायचात, आणि घरात तर ते ब्रह्मवाक्यच. मी सातवीत असताना शेजारच्या मामींकडे माठातलं पाणी प्यायले, तर तुम्ही मला त्यांच्यादेखत ओढून आणलंत आणि नळाशी उभी करून चुळा भरायला लावल्यात. मामी दारातून बघत होत्या. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी मी पाणी उकळते, आणि दिसेल त्याला उकळायला सांगते.

आता आम्ही इकडे दक्षिणेत, तांबरमच्या पुढे राहतो. इमारतीमागे कीरैचे, म्हणजे इथल्या पालेभाजीचे मळे आहेत. कडेला पत्र्याच्या गोठ्यात एक बाई दोन गाई आणि एक कालवड सांभाळते, आमचं दूध तिचंच. मळेवाला प्रत्येक तोडणीनंतर युरिया ओतून मोकळा होतो, फाटकी पोती विहिरीच्या काठावरच पडलेली असतात. भाजी मात्र काळीभोर, लुसलुशीत. मी स्वतः तीच निवडून घ्यायचे. उरलेले देठ बाई गुरांना घालायची, पाणीही त्याच विहिरीचं. उन्हाळ्यात कालवड धापा टाकायला लागली, हिरड्या निळ्या पडल्या. बाईनं विचारलं, "अक्का, पाण्यात काही असेल का?" मी बँकेत बसणारी, मला गुरांतलं काय कळतं? पण ठणकावून सांगितलं, "उकळून पाज. चांगलं निम्मं आटू दे."

तिनं विटांची चूल मांडली. झावळ्या गोळा करून रोज पातेलंभर पाणी आटवायची, निववायची आणि कालवडीपुढे ठेवायची. मी गॅलरीतून बघायचे आणि मला बरं वाटायचं, आता ते लिहितानाही किळस येते. बाराव्या दिवशी कालवड गेली.

सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर आला तोवर सगळं संपलं होतं. बाई मेलेलं जनावर नेणाऱ्या गाडीला फोन करायला गेली होती. डॉक्टरनं मला रक्त दाखवलं, कॉफीच्या डिकॉक्शनसारखं तपकिरी. पिकाला न पेललेला युरिया जमिनीत नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो, म्हणाला, देठांतही साठतो. त्याला रंग नाही, चव नाही. जनावराच्या पोटात गेला की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. "आणि उकळल्यावर?" मी विचारलं. "पाणी उडून जातं, मॅडम. हे खाली राहतं, आणखी दाट होतं."

तुम्हाला जंतू ठाऊक होते अप्पा, हे ठाऊक नव्हतं. त्याचा राग नाही. पण ठाऊक नाही असं तुम्ही जन्मात कधी म्हणाला नाहीत, आणि मी नेमकं तेच उचललं.

मळेवाल्याला जाब विचारायला गेले, तर तो हसला. "आमच्या घरचा वाफा वेगळा आहे, त्यात काही टाकत नाही. तुम्हाला त्यातली देतो." शिसारी आली मला. गावाच्या पोटात काय जातंय ते याला पक्कं माहीत आहे. त्यानं जुडी हातात कोंबली. ती मी घरी आणली, शिजवली आणि खाल्ली.

बाईला एवढंच सांगितलं, विहीर बिघडली आहे, देठ घालू नकोस, गाईंसाठी आमच्या नळाचं पाणी ने. ती नेते. उकळण्याबद्दल काही बोलले नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. जिला सांगायचं ती तर रोज सकाळी दारात येते.

काल दूध घालताना ती रडायला लागली. "अक्का, चूक माझीच. दोन दिवस वळवाच्या पावसानं झावळ्या ओल्या होत्या, चूल पेटलीच नाही. तिला कच्चंच पाणी पाजलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे, होतं असं." तिला माफ केलं मी, अप्पा.