बारा मासे आणि एक साहेब

३ मे, सकाळ
लेक महिनाभर मावशीकडे गेली. तिची माशांची टाकी माझ्या हवाली. बारा निऑन टेट्रा, नखाएवढे, निळी रेघ, लाल शेपूट. दोनदा चिमूटभर खाणं घाला, बाकी कशाला हात लावू नका, असं तीनतीनदा बजावलं. वीस वर्षं सेक्शन सांभाळलेल्या माणसाला हे सांगतेय. असो. पोर आहे.

५ मे
निरीक्षण केलं. सगळे एका दिशेला जातात, मध्येच वळतात. कोणाला विचारून वळतात, पत्ता नाही. यांच्यावर कोणी वरिष्ठच नाही. मी येण्यापूर्वी आमच्या सेक्शनचंही हेच होतं.

७ मे
एंजल मासा आणला. तळहाताएवढा, चपटा, रुबाबदार. नाव ठेवलं साहेब. दुकानदार म्हणाला, छोट्यांबरोबर ठेवू नका. म्हणजे दुसरी टाकी खपवायची. मी काय दूधखुळा आहे? ही म्हणाली, आधी लेकीला फोन करा. आता पोरीला विचारून कारभार करायचा!

८ मे
काय फरक पडला! बाराच्या बारा एका कोपऱ्यात, चिडीचूप. एका दिवसात शिस्त. ऑफिसात सांगितलं. सहाही जणांनी ऐकून घेतलं. कोणी हसलं नाही. विषय गंभीरच आहे.

१२ मे
मोजले. दहा. हलतात, म्हणून मोजणी चुकते.

१३ मे
नऊ. झुडपांमागे लपले असणार. कामचुकार कुठेही असतात. ऑफिसात दोघांनी बदलीचे अर्ज दिले. कारण : वैयक्तिक.

१८ मे
साहेब मी घातलेलं खाणं हुंगतसुद्धा नाहीत. निरिच्छ वृत्ती. तरी पोट सुटलंय. जबाबदारीनं सुटतं, मला अनुभव आहे.
ही म्हणाली, मासे कमी होतायत, दिसत नाही का? म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे. तेव्हापासून बोलत नाही.

२३ मे
पाच. फिल्टर उघडला. सोफा हलवला. कंबर धरली.
लेकीचा फोन. सगळे बरे आहेत ना? म्हटलं, एकदम ठणठणीत. खोटं नाही. जे आहेत ते ठणठणीतच आहेत.

२८ मे
दोन. गुपचूप दहा टेट्रा आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, एंजल बाहेर काढलात का? नाही म्हटल्यावर मासे द्यायलाच तयार नाही. उर्मट माणूस. धंदा कसा चालतो कोण जाणे.

३१ मे, सकाळ
खाणं घालताना एक टेट्रा साहेबांच्या तोंडात दिसला. अर्धी शेपूट बाहेर. कदाचित वाचवत असतील.

२ जून
लेक आली. चप्पल न काढताच टाकीपाशी. मी तिला देखरेख, शिस्त, कोपऱ्यातली ती रांग, सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, ती शिस्त नव्हती. ते घाबरले होते."
उरलेला एक टेट्रा तिनं बरणीत घेतला, आपल्या खोलीत नेला, दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. फार वाईट वाटलं.

३ जून, ऑफिस
मी आत शिरलो. बोलणं थांबलं. चौघे कोपऱ्यातल्या टेबलाशी, माना खाली, चिडीचूप. रोज असंच असतं. आज मात्र लेकीचं वाक्य आठवलं.
दुपारी आणखी एक अर्ज. कारण : वैयक्तिक. सही केली. काही विचारायचा धीर झाला नाही.