काट्यावरचा प्रिंटर

१८ जानेवारी १९९९, सोमवार

आजही पावती छापली नाही! वजनकाट्यावरचा नवा प्रिंटर नानांच्या ऑफिसातून सांगितलं की लगेच कागद सोडतो. आमच्या ऑफिसातून सांगितलं की ढिम्म. तुरीचे ट्रक खोळंबले. ड्रायव्हर मनात मला काय काय म्हणाले असतील, देव जाणे.

आबांचा (माझे सासरे) पारा चढला. ‘भाऊनीच बंद करेल शे.’ भाऊ म्हणजे नाना, त्यांचे थोरले बंधू. वाटणीत डाळमिल दोन झाल्या, नानांच्या आवारातला काटा तेवढा एकत्र राहिला. आता आबांनी आमच्या आवारात स्वतःच्या काट्यासाठी खड्डा खणायला घेतलाय. काटा वेगळा झाला की दोघा भावांचं बोलणंच संपेल. मला ते नकोय.

१९ जानेवारी

वाटणीनंतर कॉम्प्युटरचे नंबरसुद्धा वेगळे केले. नानांचे एकच्या मालिकेत, आमचे दोनच्या. मधल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, दोन कार्डं घातलेला – इकडून तिकडे जायचा रस्ता तोच.

दिवसभर पिंग करून पाहिलं, म्हणजे एकेकाला हाक मारून. मधला ओ देतो. नानांच्या टेबलावरचाही देतो. प्रिंटर तेवढा गप्प. धुळ्यात डिप्लोमा केला तेव्हा सासरच्या भाऊबंदकीचा धडा नव्हता!

२० जानेवारी

काही सुचलं नाही. वांग्याची भाजी करपली.

२१ जानेवारी

नानांकडे जायचं नाही, असा आबांचा हुकूम. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण अडवणार? कमलबाईंकडे, म्हणजे नानांच्या घरी वाण घेतलं आणि तशीच काट्याच्या केबिनमध्ये शिरले. आमच्या कॉम्प्युटरवरून हाक चालू ठेवूनच निघाले होते. प्रिंटरचा दिवा प्रत्येक हाकेला लुकलुकत होता. म्हणजे त्याला ऐकू येतंय!

सेटिंगचा कागद छापून घेतला. गेटवेच्या जागी नुसती शून्यं. दुसऱ्या मालिकेला उत्तर द्यायचं तर ते मधल्या कॉम्प्युटरकडे सोपवायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नाना तिथेच बसलेले. पदर सावरून विचारलं, बसवताना हे रिकामं का ठेवलं?

‘पुण्याना मानूस इचारे, बाहेरनं कोनी जोडनं शे का? मी सांगं, बाहेरना कोनी नही. आठे मी आन् मन्हा भाऊ.’

आम्ही काय काय बोललो होतो यांच्याबद्दल.

२२ जानेवारी

गेटवे भरला. पावती छापली. आम्ही बाहेरचे आहोत असं यंत्राला सांगितलं, तेव्हा कुठे उत्तर आलं. नानांना ते काही पटलं नाही. ‘मशीनले सांगनं पडनं का, भाऊ बाहेरना शे म्हनून?’

रात्री आबांना वाढताना नानांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ‘परत सांग,’ म्हणाले. परत सांगितलं. भाकरी ताटात तशीच राहिली.

२४ जानेवारी, रविवार

आबांनी सकाळीच खड्डा बुजवायला माणसं लावली. नाना कुंपणापाशी येऊन उभे. ‘कसाले खंदा व्हता रे, भाईदास?’

आबा खाली बघत म्हणाले, ‘असाच.’