दसऱ्याला धुतलेली जीप

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळी बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचा पत्ता, म्हणजे अख्खी स्ट्रिप, गायब. अर्धा तास शोधला. शेवटी वैशालीच्या टेबलावर सापडला. गोळ्या सगळ्या वाटीत काढून ठेवलेल्या, आणि पत्त्यातले दोन फुगीर खळगे कापून जीपच्या तोंडाला बसवलेले. हेडलाइट! मागे त्याच पत्त्याची चंदेरी पन्नी. मोबाइलचा टॉर्च मारला तर खऱ्या गाडीसारखा उजेड अंगावर आला. बायकोला चार शब्द सुनवायचे ठरवून गेलो होतो, ते राहूनच गेले.

बाबा म्हणाले, "आता गोळी खाल्ली का नाई, थे कसं समजन मले?"
वै. म्हणाली, "मोजून ठेवल्या ना मामाजी वाटीत."

जीप म्हणजे बाबांचीच. काळी-पिवळी, गोरेगाव–गोंदिया सवारी. आमच्या लग्नाआधीच विकली, त्यामुळे वै.नं ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. घरात फोटो एकच, त्यातही अर्धी जीप आणि पुढे उभे बाबा. बाकीची अर्धी ती बाबांना विचारून विचारून बनवते आहे. टेबलावर, वीतभर लांबीची.

२१ ऑगस्ट, गुरुवार
नागपूरहून फोन आला. हौशी लोकांसाठी छोट्या गाड्या बनवून देणारा एक कारखाना आहे तिथे. त्यांनी हिच्या कामाचे फोटो कुठूनतरी पाहिले. एक पूर्ण गाडी दिवाळीआधी आणून दाखवा, पसंत पडली तर काम घरीच पाठवत जाऊ, म्हणाले.

वै. संध्याकाळी भाजी निवडताना बोलली. "हे जमलं तर हेच काम करीन. नाई जमलं तर सगळं बांधून माळ्यावर टाकीन. नुसता टाइमपास मले नाई पायजे." शाळा बंद पडून हिची नोकरी गेली तेव्हापासून ही अशी एक घाव दोन तुकडे बोलते. माळ्यावर टाकीन म्हणाली म्हणजे टाकेल. मला तिच्यापेक्षा जास्त धास्ती वाटली.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून, दारोदार बोजाऱ्याचे पैसे गोळा करत मिरवून गेली. शेजारच्या काकू आत डोकावल्या. जीप पाहून म्हणाल्या, "काऊन व, बैल सोडून गाडी बनवून राहिली? पोळ्यात गाडीले कोन बोजारा देईन?"
वै.: "ही दसऱ्याची आहे काकू."
सहज बोलून गेली. काकू हसत गेल्या.

३१ ऑगस्ट, रविवार
आज फूटबोर्ड. मागे सवाऱ्या लटकायच्या तो. वै.नं प्लास्टिकच्या पट्टीतून सरळसोट कापून बसवला होता. बाबांनी चष्मा लावून पाहिला. "डावीकडून झुकेल होता थो. बाजाराच्या दिवशी किती जनं उभे राहत, मालूम आहे का? मी तर मोजनंच सोडून देल्लो होतो."

झालं. पट्टी उखडली, मेणबत्तीवर धरली, वाकवली. पहिली जळाली. दुसरी जास्त वाकली. तिसरी बसली. मी म्हणालो, इतकं कोण बघणार आहे?  मग बसल्यावर मीच दहादा बघितलं. डाव्या बाजूला माणसं उतरून नुकतीच बाजारात गेली आहेत असं वाटतं. कशी करते कोण जाणे.

१० सप्टें., बुधवार
गोंदियाला गेलो होतो. माझ्या झेरॉक्सच्या दुकानासाठी टोनर, हिच्यासाठी बारीक ड्रिल. हार्डवेअरवाला म्हणाला, "भैया, इससे बारीक नहीं आता. दाँतवाले डॉक्टर के पास देखो." मला वाटलं टिंगल करतो आहे. घरी येऊन सांगितलं तर वै. लगेच चप्पल घालून आमच्या दातांच्या डॉक्टरकडे. दात कोरायच्या, वापरून झिजलेल्या टोच्यांची मूठभर पुडी घेऊन आली, धुऊन, उकळून. रात्रीच्या जेवणाआधी स्टेअरिंगला भोकं पाडून तयार.

डॉक्टर म्हणे तिला विचारत होते, कोणाचे दात काढून राहिली?

१९ सप्टें., शुक्रवार
सीटा झाल्या. माझ्या जुन्या पाकिटाचं रेक्झिन. (विचारलं नाही. पाकीट जुनं होतं हे मान्य.) शिवण सुईच्या टोकानं दाबून उमटवलेली. ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलेली, कारण बाबा खिडकीकडे रेलून चालवायचे. हे बाबांनी सांगितलं नव्हतं. विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "मामाजी खुर्चीत कसे बसतात पाहा ना."

पाहिलं. खरंच तसेच बसतात. जन्मापासून सोबत राहतो आहे, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

वायपर: जुन्या मोटारीच्या तांब्याच्या तारेचे. काच: दुकानातला लॅमिनेशनचा कागद. चारी दरवाजे उघडतात. मला या बाईचा फार अभिमान वाटतो. इथे लिहून ठेवतो, तोंडावर बोलायला जातो तर भलतंच काहीतरी बोलून बसतो.

२८ सप्टें., रविवार
आठवडाभर नुसती धूळ चालू आहे. विटेचा चुरा, खडूची भुकटी, चुलीतली राख, सगळं मलमलच्या कापडातून गाळून वेगवेगळ्या झाकणांत. सालेकशाकडची लाल माती वेगळी, आपल्याकडची वेगळी. बाबा यात्रेला तिकडच्याच कचारगडच्या फेऱ्या मारायचे, म्हणून थोडी लाल चाकांच्या आत.

मऊ ब्रशनं थर देते. फुंकर घालते. पुन्हा देते. आज संध्याकाळी पूर्ण झाली. टेबलावर आता जीप नव्हे, उन्हाळ्यातला गोरेगावचा स्टँड उभा आहे. मला नाकात धूळ गेल्यासारखं झालं, शप्पथ.

वर पारदर्शक लाखेचा हात मारायचा बाकी. त्याशिवाय भुकटी टिकत नाही, नुसती बसलेली असते. लाख गोंदियाहून आणायची आहे. सण झाला की आणतो म्हणालो.

२ ऑक्टो., दसरा
काय लिहू.

सकाळी मी दुकानात, झेरॉक्स मशीनला हार घालत होतो. वै. बाजारात, झेंडूची फुलं आणायला. घरी बाबा एकटे. त्यांनी अंगणात माझी मोटरसायकल धुतली. काकूंच्या दारचा ट्रॅक्टर धुवायला मदत केली. मग त्यांना आठवलं, आपली गाडी राहिलीच.

मी पोचलो तेव्हा जीप पाटावर. ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ, काळा-पिवळा रंग लखलखीत. बोनेटवर टाचणीच्या डोक्याएवढा कुंकवाचा ठिपका. टपावर झेंडूची एक पाकळी. बाबांचा चेहरा तर असा फुललेला, की मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.
"पाय, कशी दिसून रायली. नवीन घेतली होती तईसारखी."

वै. मागून आली. पिशवी हातात. पाहिलं. पिशवी खाली ठेवली, पाटासमोर वाकून गाडीला नमस्कार केला आणि स्वैपाकघरात गेली. पुऱ्या तळल्या. सगळ्यांना वाढल्या.

मी मात्र बाबांवर ओरडलो. धूळ मुद्दाम लावलेली होती, किती मेहनत होती, नागपूरला काय दाखवणार, सगळं. भर सणाला. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. ओरडून जीप परत धुळीची होणार नव्हती, हे ओरडतानाही कळत होतं.

३ ऑक्टो., शुक्रवार
बाबा नीट जेवले नाहीत. दुपारी मला ऐकू येईल असं भिंतीशी बोलले, "धुळीच्या गाडीची पूजा कोन करते? आमी तर पुसल्याबिगर पहिली सवारी नाई बसवली कधी."

वै. टेबलाकडे फिरकलीच नाही. वरचा दिवा बंद. दोनदा माळ्याकडे बघताना पाहिली.  पुन्हा लावू ना धूळ, मी आहे मदतीला, म्हणालो. "एवढ्या दिवसांत नाई होत तसं," म्हणाली, आणि खरंही आहे. नागपूरची तारीख पुढच्या शनिवारची.

५ ऑक्टो., रविवार
सकाळी चहा घेत होतो. "अहो, इकडे या." टेबलावरचा दिवा लागलेला! भिंग माझ्या हातात दिलं. "काय दिसते?"

मला पुसलेली जीप दिसली. म्हणालो तसं. "नीट पाहा."

मग दिसायला लागलं. वायपरच्या खाली धुळीची बारीक रेघ राहिलेली. दरवाजाच्या बिजागऱ्यांत. बोल्टांच्या भोवती. टपावर, कॅरिअरच्या दांड्यांखाली, जिथे बोट पोचत नाही तिथे पट्टेच्या पट्टे. आणि बोनेटवर फडक्याचे गोल गोल फराटे, अगदी पुसट.

वै. म्हणाली, "माझी गाडी बेवारस होती. ठाण्यात जप्त करून ठेवल्यासारखी. मामाजीनं पुसली तर कोनाची तरी झाली."

मी भिंग खाली ठेवलं.  ज्या नुकसानीवर मी घर डोक्यावर घेतलं, त्यातून हिनं हे काढलं. तेही दोन दिवस मनातल्या मनात रडून झाल्यावर.

तिनं बाबांना बोलावलं, कोरडं फडकं दिलं. काच कशी पुसत होता, दाखवा. बाबा आधी हात लावेनात, माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, पुसा ना बाबा. मग ड्रायव्हरच्या बाजूची पुसली, शेजारची अर्धी. "तिकडं किलीनर पुसे." ती अर्धी तशीच ठेवली. आता फक्त चाकांना आणि मडगार्डला नवी धूळ, पुसून झाल्यावर पहिल्या फेरीत लागेल तेवढीच.

कुंकू? विचारलं. "राहू द्या."

लाख मी उद्या सकाळच्या पहिल्या बसनं जाऊन आणतो.

११ ऑक्टो., शनिवार
नागपूर. जीप स्टीलच्या डब्यात, कापसात. गाडीत गर्दी, वै.नं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

कारखान्याच्या मालकानं भिंगातून पाहायला सुरुवात केली ती थांबेचना. दरवाजे उघडले, खाली वाकून फूटबोर्ड पाहिला. "ये टीका किसने लगाया?" वै. म्हणाली, "ससुरजी ने. गाडी उनकी है." मग त्याचा खरा प्रश्न. "ऐसी की ऐसी चार बना दोगी?"

आता हो म्हणायचं ना! तर ही म्हणते, "ऐसी की ऐसी नहीं बनेगी. दूसरी बनेगी."

तो हसला नाही, रागावलाही नाही. पार्टनरशी बोलून फोन करतो म्हणाला. जीप परत डब्यात.

परतीच्या गाडीत मी धुमसत होतो. हो म्हणायला काय जात होतं? पुढचं पुढे पाहिलं असतं. वै. म्हणाली, "एकासारखी एक जीप तुम्ही स्टँडवर कधी पाहिली का?" नाही पाहिली. पण असं तिथे बोलायचं असतं का? तुमसरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. नंतर तिनं डब्यातून चिवडा काढला. दुसऱ्या डब्यातून.

१९ ऑक्टो., रविवार
फोन नाही. दिवाळीचं सामान, दुकानात गर्दी, जीव टांगणीला. माझाच. तिचं काय चाललं आहे कळत नाही, करंज्या नेहमीसारख्याच झाल्या.

आज मोठ्या रस्त्यावर सापडली. नव्या धानाची पोती भरून मेटाडोर उभा होता, ही त्याच्या मागच्या फाळक्याची साखळी टेपनं मोजत होती. ड्रायव्हर खाली उतरून आला. "काय मोजून राहिली बाई? आरटीओची आहे का?"
"नाई भाऊ. तुमची गाडी बनवाची आहे."
"बिघडली तर नाई माही गाडी."

घरी येईपर्यंत हसत होतो दोघंही.

२७ ऑक्टो., सोमवार
सकाळी दुकानाला निघालो होतो. वै. टेबलावर, मेटाडोरचा फाळका बिजागरीला चिकटवून दोन बोटांत धरलेला. डिंक पक्का होईपर्यंत हलायचं नाही. अशा वेळी ती श्वासही बेतानंच घेते.

फोन वाजला. तिचा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पडद्यावर नागपूरवाल्याचं नाव.

बाबा खाटेवरून म्हणाले, "वाजून रायला ना फोन. उचल ना व."
"हात अडकला आहे मामाजी. सोडला तर वाकडं बसते."

मी फोनच्या अगदी जवळ उभा. हात पुढे गेलाही होता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर परत बिजागरीवर नेली. फोन तिचा, गाडी तिची, नागपूरला बोलली तीही तीच. मी हात खिशात घातला.

बराच वेळ वाजून फोन थांबला. तिनं बोटं काढली नाहीत. मी दुकानाची किल्ली घेऊन तिथेच उभा राहिलो.