गुलमंडीत ‘सुतक’चा कार्यक्रम

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामांस,
तनुजाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? तुमच्या कानाचा ठणका थांबला का? (दिवाळीत मी हेडफोन लावून आमचं गाणं ऐकवलं, तोच कान दुखतोय असं मामी म्हणाल्या. योगायोग समजावा.) पत्र बघून दचकू नका. तुमचा फोन मामी वाचतात, आणि मामींनी वाचलं म्हणजे सगळ्या वैजापूरनं वाचलं, म्हणून ही पोस्टाची वाट धरली.

मामा, बँड बुडाला. आता माझ्या आयुष्यात काही राम उरला नाही.

डार्कवेव्ह म्हणजे काय, हे तुम्ही तेव्हा विचारलं आणि मी सांगेपर्यंत तुम्हाला डुलकी लागली. थोडक्यात सांगते. माझा जुन्या धाटणीचा सिंथ म्हणजे विजेवरची पेटी, आकाशचं बेस गिटार, मशीनचे एकसुरी ठोके, आणि संघपालचा विहिरीतून आल्यासारखा आवाज. एकूण भाव असा की आता काही खरं नाही. बँडचं नाव ‘सुतक’. (हे संघपालनंच ठेवलं. आमच्या घरात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं मला या शब्दाची भीती नाय, म्हणाला.) या शहरातलं अंडरग्राउंड संगीत म्हणजे असे तीन-चार बँड, आणि एकमेकांचे श्रोतेही आम्हीच. हेवी मेटल वाजवणारे आमच्याकडं येतात, आम्ही त्यांच्याकडं जातो, लग्नातल्या आहेरासारखं. सिडकोतल्या एका कॅफेनं आम्हाला दोनदा वाजवू दिलं, मग हात जोडले. तुमचं ऐकून गिऱ्हाईक कॉफी अर्धी टाकून घरी जातं आणि आईला फोन करतं, असं मालकाचं म्हणणं.

शेवटी आकाशनं गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वरचा हॉल ठरवला. हॉलवाल्या काकांनी कार्यक्रमाचं नाव विचारलं, यानं ‘सुतक’ सांगितलं. काळ्या कपड्यांतले आम्ही तिघं बघून काकांनी डोक्यावरची टोपीच काढली. पुढचं काही न विचारता त्यांनी पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि खाली फळ्यावर ‘शोकसभा, वरचा मजला’ असं लिहून टाकलं. मग फोटो मागितला. आकाशला वाटलं, जाहिरातीसाठी असेल. त्यानं पोस्टर दिलं. पोस्टरवर संघपालचा काळापांढरा चेहरा. आम्ही वायरी जोडून वर बघतो तर स्टेजवर संघपालचा फोटो, झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. मी काढायला धावले, तर संघपाल म्हणाला, “राहू दे तनू, असा सेट पुण्यातबी मिळत नाय.” (कलावंताला अक्कल सांगू नये. मी सांगितली नाही. इथंच चुकलं.)

मग माणसं आली. आमचे मेटलवाले फळा वाचून खालूनच हळहळत परत गेले. पण गुलमंडी वर आली. आसपासचे दुकानदार, भाजी घेऊन चाललेल्या बाया, सगळे चपला काढून मांडी घालून बसले. मी सिंथवर पहिला सूर धरला आणि मामा, इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. केसरबाई नावाच्या एक आजी पदराला डोळे पुसत होत्या. मला वाटलं, अखेर कुणाला तरी डार्कवेव्ह कळलं. तेवढ्यात आकाशनं धुराचं मशीन सोडलं आणि धुरातून संघपाल गात बाहेर आला.

“अगं माय, ह्यो तर जित्ता हाय!” केसरबाई ओरडल्या.

पुढं जे झालं त्याला पळापळ म्हणतात. केसरबाई मात्र बसून राहिल्या. मेलेला उठलाय तर काय म्हणतो ते ऐकू तरी, असं त्यांचं मत.

खरा घोळ वेगळाच. संघपालच्या गावची, पिशोरची, काही मंडळी खालच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. कार्यक्रमाआधी त्यांनी वर डोकावून हारातला फोटो बघितला आणि गावाकडं फोन केला. संघपालचा फोन बंद. शेवटचं गाणं चालू असताना त्याचे वडील, कचरूकाका, जीपमधून उतरून धापा टाकत जिना चढले. पोराला बघून जागीच खाली बसले. मग उठले, स्टेजवर आले, त्याला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडले. मशीनचे ठोके चालूच होते, बंद करायचं मला सुचलंच नाही. नंतर त्यांनी त्याला आमच्या आणि केसरबाईंच्या देखत एक कानाखाली लगावली आणि जीपमध्ये घालून पिशोरला नेलं. त्याला आज सात दिवस झाले. त्याचा फोनही त्यांच्याकडंच आहे.

मामींना नमस्कार. जगण्यात अर्थ नाही, बाकी सर्व क्षेम.

तुमची भाची,
तनुजा

ता.क. कचरूकाका तुम्हाला कन्नडच्या बाजारापासून ओळखतात. जरा पिशोरला जाऊन पोराला सोडा म्हणून सांगाल का?

ता.ता.क. पाकीट चिकटवायच्या आत संघपालचा फोन आला. काकांनी फोन परत दिला, त्याला सोडायलाही तयार झालेत, अट एकच, बँडचं नाव बदला. त्यांनी स्वतः ‘आनंदतरंग’ सुचवलंय. आकाश तेव्हापासून जेवला नाही.

आणखी एक. तरीही तुम्ही पिशोरला जाच. बँडला गायक दुसरा मिळेल. मला दुसरा नको आहे. काकांना हे तो आजच सांगणार आहे. आईला सांगायची माझी छाती होत नाही, ती फक्त तुमचं ऐकते. मामा, शनिवारी आमच्या घरी याल का?